बेस गिटारची दर मोसमात परतणारी खरखर: निदान आणि उपाय

फेब्रुवारीत व्यवस्थित जुळवून घेतलेला बेस जूनच्या अखेरीस खरखरू लागतो. दुकानात नेला की तारा थोड्या उंच करून मिळतात, काही आठवडे सगळे ठीक चालते आणि दिवाळीच्या सुमारास त्याच तारा इतक्या उंच वाटू लागतात की डाव्या हाताची बोटे भरून येतात. मग पुन्हा दुकान, पुन्हा तारा खाली, आणि हवा बदलली की पुन्हा खरखर. हौशी बेसवादकांकडून ही तक्रार वारंवार ऐकू येते आणि वाद्यच खराब निघाले, असा निष्कर्ष फार लवकर काढला जातो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा वाद्यात दोष नसतो. लाकडी नेक, म्हणजे वाद्याची मान, हवेतील ओलाव्याबरोबर हलतो, आणि त्या हालचालीवर उपाय म्हणून ब्रिजवरची सॅडल (बॉडीवर तारा ज्यांवर टेकतात ते छोटे आधार) वरखाली केली जातात. म्हणजे बदल एका जागी झालेला असतो आणि दुरुस्ती भलत्याच जागी होते. हे चालू राहील तोवर खरखर परतत राहणार. म्हणून माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: कोणताही स्क्रू फिरवण्यापूर्वी नेकचा बाक मोजावा आणि ते माप तारखेसह लिहून ठेवावे.

आवाज फ्रेटचाच आहे ना?

निदानाची सुरुवात आवाज वेगळा ओळखण्यापासून होते. केबल काढून बेस नुसताच वाजवावा. खरखर पूर्ण थांबली, तर ती फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांवर तार आपटून आलेली, नव्हती. अॅम्प चालू असताना तारांना हात न लावताही घुंई असा सलग आवाज येत असेल आणि तारांना स्पर्श करताच तो कमी होत असेल, तर दोष अर्थिंगचा, वायरिंगचा किंवा जवळपासच्या चार्जरचा आणि डिमरचा आहे. आपल्याकडे विजेची वारंवारता ५० हर्ट्झ आहे आणि ई तारेवरच्या (सर्वांत जाड तारेवरच्या) तिसऱ्या फ्रेटचा जी सूर ४९ हर्ट्झचा असतो; त्यामुळे असा गुणगुणाट असलेल्या खोलीत नेमका हाच सूर डळमळल्यासारखा ऐकू येतो आणि वादक विनाकारण तिसऱ्या फ्रेटवर संशय घेतो. जॅझ बेस पद्धतीच्या वाद्यात दोन्ही पिकअपचे (तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या भागांचे) व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हा गुणगुणाट बराचसा मावळतो, ही त्याची सोपी परीक्षा आहे.

दुसरा गट सैल सुट्या भागांचा. खुंटीचा स्क्रू, सॅडलच्या मागची स्प्रिंग, पिकगार्डचा सैल झालेला कोपरा किंवा पट्टा अडकवण्याची बटणे एखाद्या ठरावीक सुराला थरथरतात. सॅडलला उंचीचे दोन स्क्रू असतात. त्यांपैकी एकावरच सगळा भार असला आणि दुसरा ब्रिजच्या पत्र्याला जेमतेम टेकत असला, तर येणारा आवाज हुबेहूब फ्रेट बझसारखा असतो. खरखरणारा सूर पुन्हा पुन्हा वाजवत दुसऱ्या व्यक्तीला एकेक भाग बोटाने दाबायला सांगावे; ज्या भागावर बोट ठेवल्यावर आवाज थांबेल, तो भाग दोषी.

यातून सुटलेला आवाज फ्रेटचा. पण तोही अॅम्पमधून ऐकू येतो का, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. फ्लॅटमध्ये शेजाऱ्यांचा विचार करून बरेच जण अॅम्पशिवाय सराव करतात. आवाज पुरेसा येत नाही म्हणून उजव्या हाताची बोटे नकळत जोर लावतात आणि तार फ्रेटवर आपटते. बेसची ई तार अडीच मिलिमीटरहून जाड असते आणि तिचे हेलकावे गिटारच्या तारेपेक्षा पुष्कळ रुंद असतात, त्यामुळे विजेविना वाजवलेल्या बेसमध्ये थोडी खडखड असणे स्वाभाविक आहे. नव्या राउंडवाउंड (वरून गोल तार गुंडाळलेल्या) तारांवर ती आणखी उठून दिसते. अॅम्पमधून सूर स्वच्छ येत असेल आणि मध्येच न गुदमरता पुरेसा लांबत असेल, तर माझ्या मते त्या वाद्याला हात लावू नये. सरावासाठी हेडफोनचा छोटा अॅम्प घेणे हा सेटअपपेक्षा स्वस्त आणि अधिक योग्य उपाय ठरतो.

एक गोष्ट मात्र खरखर म्हणून धरू नये. जी तारेवर (सर्वांत बारीक तारेवर) साधारण पाचव्या ते सातव्या फ्रेटच्या दरम्यान एखादा सूर लगेच विझतो, विशेषतः लांब नेक स्क्रूने जोडलेल्या बेसमध्ये. हा मृत सूर म्हणजे नेकच्या स्वतःच्या कंपनाने तारेची ऊर्जा शोषून घेण्याचा परिणाम असतो. तो ट्रस रॉडने जात नाही आणि फ्रेट घासूनही जात नाही. हेडस्टॉकला (नेकच्या खुंट्या असलेल्या टोकाला) थोडे वजन लावल्यास त्याची जागा सरकते, एवढेच.

बेसचा नेक मोसमाबरोबर का हलतो

३४ इंच स्केलच्या (तारेच्या कंप पावणाऱ्या लांबीच्या) चार तारांच्या बेसवर नेहमीच्या ४५ ते १०५ जाडीच्या (इंचाच्या हजारांश भागांत) तारा सुरात आणल्या, की नेकवर एकूण ७५ ते ८५ किलोच्या आसपास ताण येतो. हा ताण नेकला पुढे, म्हणजे तारांच्या दिशेने, वाकवतो. नेकच्या पोटात बसवलेला पोलादी ट्रस रॉड त्याला मागे खेचतो. या दोघांच्या तोलातून नेकला किंचित खोलगट बाक मिळतो, आणि तो हवाच असतो. कारण कंप पावणाऱ्या तारेचा हेलकावा मध्यभागी सर्वांत रुंद असतो आणि तिला तेथे जागा द्यावी लागते. या बाकाला रिलीफ म्हणतात.

तार धातूची आहे, रॉड धातूचा आहे, पण त्यांच्या मधले लाकूड ओलावा घेते आणि सोडते. महाराष्ट्रात त्याला जे हवामान सोसावे लागते, ते वाद्यासाठी आदर्श मानल्या जाणाऱ्या ४५ ते ५५ टक्के आर्द्रतेच्या जवळपासही वर्षभर राहत नाही. मुंबईत आणि कोकणपट्टीत जुलैची सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. पुण्यात एप्रिलच्या दुपारी ती २५ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि जून संपेपर्यंत कितीतरी पटींनी वाढलेली असते. विदर्भाची स्थिती आणखी विचित्र आहे: मे महिन्यात बाहेर हवा अक्षरशः कोरडी ठणठणीत असते, पण खोलीत पाण्याचा कूलर चालू असतो आणि त्याच्या झोतासमोर स्टँडवर ठेवलेला बेस दमट हवेत असतो. कूलर रात्री चालू आणि दिवसा बंद, असा क्रम असल्यास लाकडाला एकाच दिवसात दोन मोसम भोगावे लागतात. एअर कंडिशनर याच्या उलट, हवा कोरडी करतो.

ओलावा वाढला की नेक नेमका कोणत्या बाजूला वाकेल, याविषयी फार ठामपणे बोलले जाते, आणि माझा विरोध तेथेच आहे. नेकच्या पाठीवर बहुधा लॅकर, म्हणजे संरक्षक लेप, असते आणि रोझवुडचा फिंगरबोर्ड (फ्रेट बसवलेली वरची लाकडी पट्टी) मात्र उघडा असतो. त्यामुळे दोन्ही बाजू सारख्या वेगाने ओलावा घेत नाहीत. लाकडाचे दाणे सरळ आहेत की तिरके, नेक एका तुकड्याचा आहे की पाच पट्ट्या चिकटवून केलेला, आत ग्रॅफाइटच्या कांड्या आहेत की नाहीत, रॉड एकेरी (एकाच दिशेने काम करणारा) आहे की दुहेरी (दोन्ही दिशांनी), यावर उत्तर बदलते. एकाच खोलीतले दोन बेस पावसाळ्यात एकमेकांच्या विरुद्ध दिशेला गेलेले मी पाहिले आहेत. म्हणून ‘पावसाळ्यात रॉड घट्ट करायचा’ असा सर्वांना लागू होणारा नियम देता येत नाही. ज्याचा त्याचा बेस मोजूनच ठरवावे लागते.

हवा कोरडी झाल्याची एक खूण मात्र हाताला निश्चित कळते. फिंगरबोर्ड आडवा आकसतो, धातूचे फ्रेट आकसत नाहीत, आणि नेकच्या कडेवरून हात फिरवताना फ्रेटची टोके बोचू लागतात. उन्हाळ्यात अशी टोके बोचू लागली आणि त्याच सुमारास खरखर सुरू झाली, तर कारण शोधायला फार लांब जावे लागत नाही.

नेकचा बाक मोजण्याची पद्धत

लागणारी साधने थोडी आहेत: ट्यूनर, गिटारचा कॅपो (तारा फ्रेटवर दाबून धरणारा चिमटा), मिलिमीटरची पोलादी पट्टी आणि फीलर गेज. शेवटची वस्तू वाद्यांच्या दुकानात शोधू नये. मोटारसायकलचे मेकॅनिक टॅपेट आणि स्पार्क प्लगची फट मोजण्यासाठी जे पात्यांचे गेज वापरतात तेच हे असते आणि ऑटोमोबाइल हत्यारांच्या दुकानात स्वस्तात मिळते. ते मिळेपर्यंत झेरॉक्सच्या साध्या कागदाचे तुकडे वापरता येतात, कारण एका कागदाची जाडी ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते आणि तीन कागद एकत्र धरले की कामचलाऊ ०.३ मिलिमीटर मिळतात.

बेस नेहमीच्या तारांसह आणि नेहमीच्या सुरात असावा. तो टेबलावर आडवा न ठेवता वाजवण्याच्या स्थितीत मांडीवर धरावा, कारण आडवा ठेवल्यास नेकच्या स्वतःच्या वजनानेही माप बदलते. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावावा, उजव्या हाताने ई तार शेवटच्या फ्रेटवर दाबावी आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेची खालची बाजू यांच्यामधली फट पाहावी. दाबलेली तार येथे सरळ पट्टीचे काम करते. हात पुरत नसेल तर गेज सरकवण्यासाठी दुसऱ्या कोणाची मदत घ्यावी. ०.३० मिलिमीटरचे पाते तारेला न उचलता, पण तिला स्पर्श करत आत गेले पाहिजे.

फेंडर कंपनीच्या सेटअप मार्गदर्शिकेत फिंगरबोर्डच्या गोलाईनुसार (त्याच्या आडव्या वळणाच्या त्रिज्येनुसार) मापे दिलेली आहेत: ७.२५ इंच गोलाईसाठी सुमारे ०.३५ मिलिमीटर, ९.५ ते १२ इंचांसाठी ०.३० आणि त्याहून सपाट फिंगरबोर्डसाठी ०.२५. सुरुवातीला मधले माप धरावे. हलक्या बोटांनी वाजवणाऱ्याला ०.२० मिलिमीटरही चालते. पिक वापरणाऱ्याला किंवा जोरदार स्लॅप करणाऱ्याला (तारा अंगठ्याने आपटून वाजवणाऱ्याला) ०.३५ ते ०.४० लागू शकते. फट अजिबातच दिसत नसेल आणि तार आठव्या फ्रेटवर टेकलेली असेल, तर नेक सरळ झालेला आहे किंवा उलटा, म्हणजे मागे, वाकलेला आहे.

हे माप, आर्द्रता, तारांची जाडी आणि तारीख वहीत लिहावी. डिजिटल आर्द्रतामापक काही शे रुपयांत मिळतो आणि बेस ज्या खोलीत राहतो त्याच खोलीत तो ठेवावा. कोणताही टेक्निशियन नोंदीशिवाय ज्या प्रश्नाचे उत्तर देऊ शकणार नाही, ते ही वही देते: हा विशिष्ट नेक कोणत्या महिन्यात, कोणत्या दिशेने आणि किती हलतो.

खरखर कोठे येते यावरून काय समजावे

प्रत्येक तारेवर मोकळ्या सुरापासून शेवटच्या फ्रेटपर्यंत, एकेक फ्रेट पुढे जात, मध्यम आणि समान जोराने वाजवावे. बोट फ्रेटच्या लगेच मागे ठेवावे. दोन फ्रेटच्या मध्यावर ठेवलेले बोट चांगल्या वाद्यालाही खरखरायला लावते.

पहिल्या पाच-सहा फ्रेटपर्यंत खरखर असून वरचे सूर स्वच्छ असतील, तर बाक कमी पडलेला असण्याची शक्यता सर्वाधिक असते. आठव्या फ्रेटवरचे माप याला दुजोरा देईल. बाराव्या फ्रेटच्या पुढे खरखर असून मधला भाग उंच वाटत असेल, तर बाक जास्त झालेला असतो आणि त्याला तोंड देण्यासाठी कोणीतरी सॅडल खाली केलेली असतात. वर सांगितलेले दुकानाचे चक्र फिरते ते बहुधा असे. केवळ मोकळी तार खरखरत असेल आणि तीच तार पहिल्या फ्रेटवर दाबल्यास स्वच्छ वाजत असेल, तर नटची (हेडस्टॉकजवळ तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची) खाच खोल गेलेली आहे. एकाच तारेवर एकच सूर खरखरत असेल, तर त्याच्या पुढचा फ्रेट उचललेला आहे किंवा तो दाबलेला फ्रेट झिजून खड्डा पडलेला आहे. आणि सगळ्या तारांवर सगळीकडे थोडीथोडी खरखर असूनही बाक बरोबर असेल, तर तारा खरोखरच फार खाली आहेत. तेव्हा, आणि तेव्हाच, सॅडल वर करावीत.

ट्रस रॉड फिरवताना

ट्रस रॉडविषयी दोन टोकाच्या समजुती आढळतात. काही जण त्याला हात लावायलाच घाबरतात, तर काही जण तारांची उंची कमी-जास्त करण्यासाठी त्याचा सर्रास वापर करतात. रॉड केवळ नेकचा बाक बदलण्यासाठी असतो. त्याने तारांची उंचीही थोडी बदलते हा परिणाम आहे, उद्देश नव्हे. माप हातात असेल आणि चावी योग्य असेल, तर हौशी वादकानेही हे काम स्वतः शिकून घ्यावे असे मला मनापासून वाटते, कारण वर्षातून दोन-तीनदा लागणाऱ्या पाव वळशासाठी दरवेळी टेक्निशियनकडे जाणे कोणी करत नाही आणि मग चुकीच्या सेटअपवरच महिनोन्‌महिने वाजवले जाते.

चावीचे माप अचूक असलेच पाहिजे. आशियात बनलेल्या बऱ्याच बेसना ४ किंवा ५ मिलिमीटरची अॅलन की लागते, अमेरिकी वाद्यांना इंचाच्या मापाची, काहींना पाइप पाना, तर म्युझिक मॅन पद्धतीच्या वाद्यांत नेक आणि बॉडीच्या सांध्याजवळ एक चाक असते आणि त्याच्या छिद्रात बारीक सळई घालून ते फिरवतात. जवळपासच्या मापाची चावी बसते, फिरतेही, पण घसरली की रॉडच्या डोक्याचे कोपरे गोल होतात आणि मग ती साधी समस्या राहत नाही. सॅडलच्या बारीक स्क्रूंनाही हेच लागू आहे: तेथे १.५ मिलिमीटर आणि एक-सोळांश इंच ही दोन मापे दिसायला सारखी, पण एकमेकांना न चालणारी आहेत.

ज्या टोकाला चावी लावतो, त्या टोकाकडून पाहिले असता घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर रॉड घट्ट होतो आणि बाक कमी होतो. उलट फिरवल्यावर रॉड सैल होतो आणि तारांच्या ताणाने बाक वाढतो. एका वेळी पाव वळशाहून अधिक फिरवू नये. घट्ट करायचे असल्यास आधी तारा थोड्या सैल कराव्यात, म्हणजे रॉडला तारांच्या विरुद्ध झगडावे लागत नाही. नंतर पुन्हा सुरात आणावे, मधल्या तारा बाजूला सारून नेक हाताने हलकासा मागेपुढे दाबावा आणि माप घ्यावे. काही नेक लगेच उत्तर देतात, काही दुसऱ्या दिवसापर्यंत हलत राहतात. म्हणून पहिल्या दिवशी बदल कमी दिसला तरी लगेच दुसरा पाव वळसा देण्याची घाई करू नये.

दुहेरी रॉडमध्ये मध्यंतरी असा टप्पा येतो की चावी फिरते आणि काहीच घडत नाही. तो टप्पा ओलांडल्यावर रॉड दुसऱ्या दिशेने काम करू लागतो, त्यामुळे त्या सैलपणाने गोंधळून जाऊ नये. पण अगदी त्याच मोकळ्या अवस्थेत रॉड सोडला, तर तो नेकच्या आत स्वतःच थरथरतो आणि नवीनच खरखर निर्माण होते. चावीला नेहमीपेक्षा बराच जास्त जोर लागू लागला, करकर आवाज आला किंवा अर्धा वळसा देऊनही मापात काहीच फरक पडला नाही, तर तेथेच थांबून वाद्य जाणकाराकडे न्यावे.

तारांची उंची, नट आणि एखादा फ्रेट

बाक बरोबर झाल्यावरच सॅडलकडे वळावे. कॅपो पहिल्या फ्रेटवर ठेवून सतराव्या फ्रेटचा माथा आणि तारेची खालची बाजू यांतील अंतर मोजावे. ९.५ ते १२ इंच गोलाईच्या फिंगरबोर्डवर ई तारेला सुमारे २.४ आणि जी तारेला सुमारे २.० मिलिमीटर हे सुरुवातीचे चांगले माप आहे. सॅडलची उंची बदलली की इंटोनेशन तपासावे, म्हणजे बाराव्या फ्रेटवर दाबलेला सूर आणि तेथील हार्मोनिक (तार न दाबता, नुसती स्पर्शून काढलेला सूर) सारखे येतात का ते पाहून सॅडल मागेपुढे करावे. पिकअपचे चुंबक तारेच्या फार जवळ असल्यास तेही तारेला ओढून वरच्या फ्रेटवर विचित्र खरखर आणि बेसूरपणा आणतात; स्क्रूने पिकअप थोडा खाली केल्यास हे लगेच कळते.

नटची तपासणी सोपी आहे. कॅपो काढून तार तिसऱ्या फ्रेटवर दाबावी आणि पहिल्या फ्रेटवर केसाएवढी फट दिसते का ते पाहावे. ती नसेल तर खाच खोल आहे. सुपरग्लू आणि खाण्याचा सोडा यांनी खाच भरून पुन्हा कोरण्याचा प्रघात आहे आणि तो काही काळ टिकतोही, पण बेसच्या जाड तारा ती भर लवकर झिजवतात. नवा नट बसवून घेणे अधिक चांगले.

एखादाच फ्रेट उचललेला असल्याचा संशय असेल, तर जुन्या एटीएम कार्डाची लांब, सरळ कड सलग तीन फ्रेटवर उभी धरावी. कार्ड झुलले तर मधला फ्रेट उंच आहे. पहिल्या दोन-तीन फ्रेटपाशी मात्र बेसची फ्रेटमधली अंतरे इतकी मोठी असतात की कार्ड पुरत नाही. तेथे पोलादी पट्टी वापरावी. फ्रेट घासून समतल करणे हे काम घरी करू नये. आणि ते करून घ्यायचेच असेल, तर बाक योग्य मापावर असताना आणि शक्यतो टोकाचा मोसम टाळून करून घ्यावे. भर पावसाळ्यात वाकलेल्या नेकवर समतल केलेले फ्रेट जानेवारीत समतल राहत नाहीत.

हवा नव्हे, तारा बदलल्याने आलेली खरखर

मोसमावर ठपका ठेवण्यापूर्वी गेल्या महिन्यात तारांमध्ये काही बदल केला का, हे आठवावे. ४५ ते १०५ च्या जागी ४० ते ९५ च्या हलक्या तारा लावल्या, तर एकूण ताण १५ ते २० टक्क्यांनी घटतो. नेक सरळ होतो, बाक नाहीसा होतो आणि त्यात हलक्या तारा अधिक रुंद हेलकावतात. म्हणजे खरखरीची दोन कारणे एकदम येतात. सूर उतरवण्याचेही असेच आहे. वाद्यवृंदात गायकाच्या पट्टीसाठी संपूर्ण बेस अर्ध्या स्वराने उतरवला जातो, आणि तारेचा ताण वारंवारतेच्या वर्गाच्या प्रमाणात बदलत असल्यामुळे केवळ अर्ध्या स्वराने तो सुमारे ११ टक्के, म्हणजे एकूण ८ ते ९ किलो कमी होतो. एका कार्यक्रमापुरते हे चालते. कायमच उतरलेल्या सुरात वाजवायचे असेल, तर एक माप जाड तारा लावाव्यात आणि बाक नव्याने जुळवून घ्यावा. चार तारांच्या बेसवर सगळा संच बदलताना तारा एकेक करून बदलल्यास नेक अचानक मोकळा होत नाही आणि जुळवणी लवकर होते.

घरात बेस ठेवण्याची जागा

पावसाळ्यात ओल धरणाऱ्या बाहेरच्या भिंतीवर बेस टांगू नये. आतल्या भिंतीवर किंवा खोलीच्या मध्याकडे स्टँडवर ठेवावा. जाड गिग बॅगेत किंवा केसमध्ये आर्द्रतेचे चढउतार मंदावतात, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये रोज वाजवत नसल्यास बॅगेत ठेवणे बरे. बॅगेत सिलिका जेलच्या पुड्या घालाव्यात, पण ऑक्टोबरनंतर त्या काढाव्यात. विसरून राहिलेल्या पुड्या कोरड्या हवेत लाकडाला आणखी कोरडे करतात. दोन्ही दिशांनी काम करणारी, साधारण ४९ टक्क्यांवर हवा राखणारी पाकिटे महाग असली तरी विदर्भ-मराठवाड्यातील उन्हाळ्यासाठी मला ती खर्चाच्या मोलाची वाटतात. मेच्या उन्हात मोटारीच्या डिकीत बेस ठेवून जेवायला जाणे मात्र कोणत्याही पाकिटाने निभावत नाही.

पुण्याहून एका रात्रीच्या कार्यक्रमासाठी रत्नागिरीला गेल्याने नेक बदलेल, अशी भीती बाळगू नये. लाकूड ओलावा सावकाश घेते. तापमानामुळे सूर उतरतील, ते पुन्हा जुळवावेत आणि रॉडला हात लावू नये. नोकरीनिमित्त पुण्याहून मुंबईला राहायला गेल्यावर मात्र तीन-चार आठवड्यांनी नवे माप घ्यावे.

रोझवुडच्या उघड्या फिंगरबोर्डला उन्हाळ्याच्या सुरुवातीला, तारा बदलताना, फिंगरबोर्डसाठीच विकले जाणारे तेल अगदी पातळ लावून पुसून घ्यावे. घरातले खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल लावू नये. ते साचते, धूळ धरते आणि खवट होते. जानेवारी २०१७ मध्ये रोझवुडच्या व्यापारावर साइटिस या, धोक्यातील वन्य प्रजातींच्या व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आल्यानंतर स्वस्त बेसवर इंडियन लॉरेलचे फिंगरबोर्ड मोठ्या प्रमाणावर दिसू लागले आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाल्यावरही ते टिकून आहेत. हे लाकूड म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या जंगलांतला ऐन. त्याचीही निगा अशीच ठेवावी. लॅकर लावलेल्या मेपलच्या फिंगरबोर्डला तेलाची गरज नसते.

खरेदी करतानाच काय पाहावे

या कटकटीचा बराच भाग खरेदीच्या वेळी टाळता येतो. भाजलेल्या मेपलचा, अनेक पट्ट्यांचा किंवा ग्रॅफाइटच्या कांड्या घातलेला नेक ओलाव्याने कमी हलतो, आणि कोकण-गोव्यात राहणाऱ्याने चकचकीत हार्डवेअरपेक्षा या गोष्टीला अधिक पैसे द्यावेत असे माझे मत आहे. रॉडचे टोक हेडस्टॉकवर किंवा चाकाच्या रूपात सहज हाती येणारे असावे. जुन्या धर्तीच्या काही वाद्यांत ते बॉडीच्या बाजूला दडलेले असते आणि प्रत्येक पाव वळशासाठी नेक सोडवावा लागतो, जे वर्षातून तीनदा करणे त्रासाचे आहे. ३० इंच स्केलचा छोटा बेस हाताला सोपा असला, तरी त्याच जाडीच्या तारांचा ताण त्यावर पाचव्या हिश्शाहून अधिक कमी असतो, म्हणून तारा किंचित उंच ठेवाव्या लागतील हे गृहीत धरावे.

दुकानात बेस सुरात आणून वर सांगितल्याप्रमाणे बाक मोजावा. फीलर गेज खिशात मावते. नव्या वाद्यात बाक चुकीचा असणे हा दोष नव्हे, कारण त्याची जुळवणी दुसऱ्या देशातल्या हवेत झालेली असते आणि नंतर ते गोदामात पडून असते. पण तो रॉडने दुरुस्त होतो का, हे विक्रेत्याने तेथेच दाखवावे. योग्य बाकावर सॅडलना वर आणि खाली दोन्हीकडे जाण्यास जागा उरली पाहिजे. सॅडल तळाला टेकूनही तारा उंच असतील, तर नेकच्या खाचेत पातळ शिम (पाचर) घालून कोन बदलावा लागेल. स्क्रूने जोडलेल्या नेकमध्ये हे सोपे काम आहे, चिकटवलेल्या नेकमध्ये नाही.

जुना बेस घेताना रॉड जिवंत आहे का, ही तपासणी सर्वांत महत्त्वाची. विक्रेत्याच्या परवानगीने रॉड एक-अष्टमांश वळसा सैल करून पुन्हा मूळ जागी आणावा आणि तो अडखळत नाही ना, ते हाताला जाणवू द्यावे. विक्रेता यास नकार देत असेल, तर त्या वाद्याची किंमत नवा नेक बसवण्याचा खर्च वजा करूनच ठरवावी. रॉड पूर्ण आवळलेला असूनही नेक पुढे वाकलेलाच असेल, तर पुढच्या मोसमात फिरवायला काहीच उरलेले नसते. नेक स्क्रूचा असल्यास त्याच खाचेत बसणारा दुसरा नेक मिळू शकतो, आणि नेक चिकटवलेला असल्यास तो बेस घेऊ नये.